दोन शेर शाळू

सरांनी मला मूठभर बी आणायला सांगितलं होतं. मी दोन शेर मागितलं. त्या उन्हात इतक्या लांब पुन्हा यायला नको, एवढाच माझा विचार होता.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागे पडला होता. मी सांगलीच्या एका कॉलेजात सरांच्या हाताखाली वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होतो. पाण्याचा ताण पडला की ज्वारीच्या पानात आत काय काय घडतं, हा माझा विषय. घर शिराळ्याच्या खाली, वारणेकाठी. दोन चुलते फौजेत, बाकी सगळे उसात. उसाच्या लागणीला कांडी लागते आणि ती शेजारच्या फडात उभीच असते. त्यामुळे बी म्हणून काही वर्षभर जिवापाड सांभाळायचं असतं, हे आमच्या घरात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मला तर अजिबातच नव्हतं.

सरांना कुणीतरी सांगितलं होतं की औंधच्या पूर्वेला एका धनगर कुटुंबाच्या रानात दुष्काळाच्या सालीही शाळू उभा होता. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. आजूबाजूची रानं करपली, पण त्या एका तुकड्यात कणसं भरली. मी फाल्गुनात निघालो. औंधला एसटीतून उतरलो, यमाईचा डोंगर पाठीशी टाकून दीड तास चाललो आणि विचारत विचारत त्या घरापाशी पोचलो.

घरात एक बाई होती, पन्नाशीची असेल. नवरा वारलेला. थोरला मुलगा मेंढरं घेऊन रानात गेला होता. तिनं मला घोंगडं टाकून दिलं, तांब्या पुढं ठेवला आणि मी काय बोलतोय ते नीट ऐकून घेतलं.

"आमचा शाळू कशाला पायजे तुमास्नी?"

मी म्हणालो, "मावशी, तो पाण्यावाचून तगतो कसा, ते बघायचंय. कुंड्यांत लावणार, पाणी तोडणार आणि पानं तपासणार."

"आन कळंल व्हय?"

"कळेल."

ती आत गेली आणि कोपऱ्यातलं एक मडकं दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली. तोंडाला शेणामातीचं लिंपण होतं. ते तिनं विळ्याच्या टोकानं फोडलं. आत राखेत मिसळलेलं बी आणि वर लिंबाचा वाळका पाला. हे बी तिनं माहेराहून आणलेलं, जतच्या बाजूनं. लग्नात आईनं पदरात बांधून दिलं होतं आणि तेव्हापासून दरसाल पेरून, निवडून पुन्हा मडक्यात ठेवलं जायचं. दाणा पिवळसर, टोकाशी तांबडा ठिपका.

"किती पायजे?"

"दोन शेर मिळालं तर बरं."

तिनं मडक्यात हात घातला आणि थांबली. त्यात सगळं मिळून चार शेर असेल नसेल. तिनं मनात कसला तरी हिशेब केला असावा. मग मापून दोन शेर माझ्या पिशवीत ओतलं, राखेसकट.

"निम्मं माझं, निम्मं तुमचं. पन मास्तर, पुढच्या सुगीला परत द्यायचं बरं का. आमचं पेरलेलं न्हाई आलं तर ह्येच माझं बी."

"परत देतो. दुप्पट देतो," मी म्हणालो. बोलताना मला माझंच कौतुक वाटलं होतं, ते आजही आठवतं.

सांगलीला आल्यावर पहिलं काम केलं ते बी धुण्याचं. राखेतल्या क्षारांनी माझे आकडे बिघडले असते. तीन पाण्यांतून धुतलं, टिपकागदावर पसरलं आणि दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी कोरडं वाटल्यावर पत्र्याच्या डब्यात भरून कपाटात ठेवलं. लिंबाचा पाला कचऱ्यात टाकला. किती स्वच्छ काम केलं म्हणून मी खूश होतो.

प्रयोग झाले ते मात्र देखणे झाले. कॉलेजच्या मागच्या अंगणात कुंड्या मांडल्या होत्या. एका ओळीत बाजारातली नेहमीची ज्वारी, दुसऱ्या ओळीत मावशीचा शाळू. पाणी तोडलं की चौथ्या-पाचव्या दिवशी दोन्हीकडची पानं सुरळीसारखी गुंडाळायची. फरक दिसायचा तो पाणी पुन्हा सुरू केल्यावर. बाजारातली माना टाकून पडलेली असायची आणि मावशीचा शाळू दुसऱ्या सकाळी पान उलगडून उभा.

झाडाला तहान लागली की ते पानात प्रोलिन नावाचं एक द्रव्य साठवतं, असं तेव्हा नव्यानं वाचायला मिळत होतं. ते मोजायची रीत अशी, की बर्फात खल ठेवून पान वाटायचं, गाळायचं, त्यात रसायन घालून उकळत्या पाण्यात ठेवायचं. मग वरून टोल्युइन ओतून हलवलं की नळीत लाल थर वर तरंगायचा. जितकं प्रोलिन जास्त, तितका लाल गडद. बर्फ मी सायकलवरून भुशात गुंडाळून कारखान्यातून आणायचो. मावशीच्या शाळूचा थर पहिल्यांदा वर आला, तेव्हा सर खुर्चीतून उठले. नळी खिडकीशी धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे वाण हातचं जाऊ देऊ नकोस."

मूठभराहून अधिक बी या सगळ्याला लागलंच नाही. बाकीचं डब्यात होतं. आषाढात सांगलीत भिंतींना ओल येते, कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते. मी डबा उघडून बघितला नाही. श्रावणात कधीतरी उघडला, तर झाकणाच्या कडेनं काळे किडे धावले. आत पीठ झालं होतं. जवळजवळ प्रत्येक दाण्याला भोक. हातात घेतला की दाबताच चुरा व्हायचा. तळाशी बुरशी लागून गठ्ठा झालेला.

राख कशासाठी असते, ते तेव्हा मला कळलं. मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर. त्या बाईनं मला सुखरूप बी दिलं होतं, त्याचं संरक्षण मी माझ्या हातानं धुऊन काढलं होतं.

ताट घेऊन बसलो आणि धड दाणे वेगळे काढले. दोन मुठी निघाले. त्या दोन मुठींत सगळं वाचवता आलं असतं. रब्बीत दोन सरी पेरल्या असत्या, तर माघापर्यंत पुन्हा शेरभर बी झालं असतं. पण त्याच आठवड्यात सरांना एका परिषदेसाठी शेवटचे आकडे हवे होते. क्षाराच्या पाण्यात बी किती रुजतं, याचे. सर म्हणाले, "पेरायला बी बाजूला ठेवलंयस ना?"

"हो सर."

एवढंच म्हणालो. त्या दोन मुठी मी काचेच्या बशांत भिजत घातल्या. मोड आले, मोजले, लांबी लिहून घेतली आणि बशा धुऊन टाकल्या. किडे लागल्याचं सांगितलं असतं तर सर रागावले असते, दोन दिवस बोलले नसते. याहून जास्त काही झालं नसतं. तेवढ्याला मी घाबरलो.

भाद्रपद सरता सरता पोस्टकार्ड आलं. गावातल्या शाळामास्तरांच्या हातचं, पण बोलणं तिचंच. पेरलेला शाळू उगवला होता, दोन बोटं वर आला आणि नाकतोड्यांनी एका दुपारी सफाचट केला. मडक्यात आता काही उरलं नाही. हस्ताचा पाऊस बरा झालाय, जमिनीत ओल आहे. तुमच्याकडचं बी तेवढं लगोलग घेऊन या.

मी ते कार्ड दोनदा वाचलं आणि खिशात घातलं. सरांकडे गेलो नाही. बाजारात गेलो. धान्याच्या चार-पाच दुकानांत पोत्यांत हात घालून बघितलं. एका ठिकाणी पिवळसर दाणा मिळाला, बराचसा तसाच. दोन शेर घेतलं. खोलीवर येऊन ताटात पसरून पांढरे दाणे वेचून काढले. तांबडा ठिपका कुठंच नव्हता, पण म्हटलं, राखेत कोण बघतंय. कॉलेजसमोरच्या चहावाल्याच्या शेगडीतली राख मागून आणली आणि त्यात बी घोळलं. लिंबाचा पाला तोडून वर घातला.

हे करताना माझे हात कापले वगैरे नाहीत. मी अगदी मन लावून करत होतो, जसा प्रयोग करायचो तसं. याच गोष्टीची पुढं मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

मी पोचलो तेव्हा थोरला मुलगा बैल जुंपून बसला होता, पेरणीची पाभर बांधावर तयार. मावशीनं पिशवी घेतली, आत हात घातला, मूठ बाहेर काढली. दाणे तळव्यावर चोळले. मग तळवा नाकाशी नेला. माझ्याकडे बघितलं, पण डोळ्यांत काय होतं ते मला कळलं नाही, कारण मी लगेच बैलांकडे बघू लागलो.

"पेरा," ती मुलाला म्हणाली.

तिनं स्वतः कमरेला ओटी बांधली आणि चाड्यावर मूठ धरून पाभरीमागं चालू लागली. मी दोन सरी होईस्तोवर थांबलो आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघालो. गाडीला अजून बराच वेळ होता.

पौषात सर म्हणाले, "कुंडीतले आकडे झाले. आता मूळ रानातल्या उभ्या पिकाची पानं आण. त्याशिवाय पुरावा अपुरा आहे." नाही कसं म्हणायचं? रुंद तोंडाचा थर्मास बर्फानं भरून घेतला आणि गेलो. हस्तानंतर तिकडं थेंब पडला नव्हता. पीक दुरूनच दिसलं. पानं खालून वाळत आलेली, कणसं अर्धी पानांच्या पोटातच अडकलेली. कडब्यापुरतं होतं ते. बाजूच्या बांधावर मावशी गवत काढत होती.

"या मास्तर. पानं न्यायला आलासा न्हवं?"

"हो."

"न्या की. पन ह्यो आमचा शाळू न्हवं."

मी थर्मास खाली ठेवला. ती विळा चालवतच बोलत होती.

"मला तवाच कळलं हुतं. राख कोळशाची हुती. आमच्या घरात कोळसा कवा जळला न्हाई. आमची राख शेणीची, तिचा वास निराळा. आन दाण्याला ठिपका न्हवता."

"मग तुम्ही पेरलंत कशाला, मावशी?"

"आता काय करावं? हस्ताची वल सुकत हुती, बैल जुपल्यालं. तुमास्नी खोटं पाडत बसले असते तर दोन दिस गेले असते. रिकामं रान ठेवन्यापरीस कायतरी पेरल्यालं बरं."

मग मी सगळं सांगितलं. राख धुतली ते, डबा, किडे, दोन मुठी, बाजार. ती ऐकत होती. मध्येच एकदा विळा थांबला. मी राख धुतली म्हणालो, तेव्हा.

"धुतली? कशापायी?"

"आकडे चुकले असते."

ती काही वेळ माझ्याकडं बघत राहिली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिचा चेहरा राग आल्यासारखा नव्हता. एखाद्याला फार मोठं दुखणं आहे आणि त्याला ते माहीतच नाही, असं कळल्यावर माणूस बघतो, तशी बघत होती. मग म्हणाली, "माझ्या आईनं दिलं हुतं वो ते." पुन्हा गवत काढायला लागली. पाठमोरी झाली ती झाली. मी उभा राहिलो, पण ती वळली नाही.

त्या साली त्यांची मेंढरं नेहमीपेक्षा महिनाभर आधी घाट उतरून खालच्या ऊसपट्ट्यात गेली, कारण घरात दाणा नव्हता. हे मला पुढं थोरल्यानं सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

सरांना मी येऊन सांगितलं की बर्फ वाटेत वितळला, पानं खराब झाली. सर हूं म्हणाले. प्रबंध कुंड्यांतल्या आकड्यांवरच लिहिला. साहित्य आणि पद्धती या प्रकरणात एक वाक्य लिहावं लागतं, की अभ्यासलेलं वाण कुठं ठेवलंय. मी लिहिलं, 'सदर वाणाचे बियाणे विभागात जतन करण्यात आले आहे.' टंकलेखकानं ते स्वच्छ टाइप करून दिलं. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत त्या वाणाचं फार कौतुक केलं आणि थोडं बी मिळेल का, असं विचारलं. मी म्हणालो, "उगवण कमी झालीय, वाढवतोय." सर शेजारी बसले होते. ते काही बोलले नाहीत. मला पदवी मिळाली. वारणेकाठी घरी पेढे वाटले गेले. फौजेतल्या चुलत्यानं पत्रातून शाबासकी दिली. मी ते पत्र वाचून त्याची घडी घातली आणि ते पुन्हा कधी उघडलं नाही.

पुढं साताऱ्याला व्याख्यात्याची नोकरी लागली. वर्गात रब्बी ज्वारी शिकवायची पाळी आली की मी तो भाग भराभर उरकायचो. एका सुट्टीत सांगलीला सरांच्या घरी गेलो आणि चहा व्हायच्या आत सगळं सांगून टाकलं. मावशीला सांगितलं तेव्हा सोपं गेलं होतं, कारण तिनं मला पकडलं होतं. इथं स्वतःहून सांगायचं होतं.

सर चष्मा पुसत होते. म्हणाले, "डबा मी बघितला होता."

"कधी?"

"त्या श्रावणात. मी अंकुरणाचे आकडे मागितले, त्याच्या दुसऱ्या दिवशी. कपाट उघडलं तर वास आला. तुला विचारलं होतं, पेरायला ठेवलंयस का. तू हो म्हणालास. म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. मग तुझं काम पुरं होत आलं, मलाही ते पुरं व्हायला हवं होतं. शेवटी सही करायला घेतली तेव्हा ते वाक्य वाचलं मी. वाचून सही केली."

आतून त्यांच्या पत्नींनी चहा आणून ठेवला आणि आमची तोंडं बघून तशाच परत गेल्या. सर माझ्यावर ओरडतील, हाकलून देतील, अशी तयारी करून मी गेलो होतो. आता माझ्या लबाडीत त्यांचाही वाटा निघाला, पण माझा वाटा त्यानं कमी झाला नाही. उलट माझ्यामुळं एक सरळ माणूस वाकला, ही नवीच गोष्ट माझ्या पदरी आली.

"त्या बाईंचं माहेर कुठलं म्हणालास?" सरांनी विचारलं.

"जतच्या पलीकडं."

"मग तिथं कधी गेलास?"

मी गेलो नव्हतो. इतक्या वर्षांत मला ते सुचलं नव्हतं. पश्चात्ताप करण्यातच मी सगळा वेळ घालवला होता.

त्या दिवाळीनंतर आम्ही दोघं गेलो. मावशीच्या भावाच्या घरी दुष्काळात वाटलेलं संकरित बी आलं आणि जुनं गेलं, ते त्यांना आठवतही नव्हतं. तिथून गावातली घरं पालथी घातली, मग पुढचं गाव, मग त्याच्या पुढचं. तिकडं काही लोक ज्वारीला जोळच म्हणतात. मराठीत सुरू झालेलं बोलणं कानडीत संपायचं. सर साठीला आलेले, उन्हात टोपी घालून माझ्याबरोबर दारोदार विचारत होते. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्याच्या गोठ्यात आढ्याला टांगलेल्या जुडीत पाच-सहा वेगळी कणसं दिसली. पिवळसर दाणा. एखाद्या दाण्याला टोकाशी तांबूस झाक होती, एखाद्याला नव्हती. मी हात पुढं केला.

"एक घ्या," म्हातारा म्हणाला. "जास्ती न्हाई."

"एक पुरे," मी म्हणालो.

ते कणीस मी शेणीच्या राखेत घालून औंधला नेलं. मला बघून मावशी दारात उभी राहिली. आत या म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही. मी कणीस पुढं केलं. तिनं दोन दाणे काढले, एक दाताखाली फोडला, दुसरा उजेडात धरून बघितला.

"जवळचं हाय," ती म्हणाली. "पन त्ये न्हाई. आमच्या समद्या दाण्याला ठिपका असायचा. आन ह्यो दाणा वाईच मऊ हाय."

"पेरून बघाल?"

"बघते की. कोपऱ्यात लावते."

मग मला आत बोलावलं. थोरला जेवत होता, त्यानं सरकून जागा दिली. तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली. कुठल्या ज्वारीची ते मी विचारलं नाही. जेवताना पाऊस, मेंढरं, तिच्या नातवाची शाळा, असं इकडचं तिकडचं बोलणं झालं. निघताना मी वाकून पाया पडायला गेलो, तर ती मागं सरकली.

"ऱ्हाऊ द्या मास्तर," म्हणाली. "गाडी चुकंल तुमची."

त्या कणसाचं बी तिनं पुढं चार-पाच वर्षं पेरलं. दरवेळी ठिपक्याचे दाणे तेवढे निवडून ठेवायची. शेवटी शेवटी निम्म्याहून अधिक दाण्यांना ठिपका येऊ लागला, असं थोरल्यानं मला एकदा एसटी स्टँडवर सांगितलं. तगतं का दुष्काळात, असं मी विचारलं.

"तेवढा दुष्काळ अजून पडला न्हाई," तो म्हणाला, आणि त्याची गाडी लागली.